ना-हरकत

नियम अकरा, पोटकलम क :
तीन हंगाम पूर्ण झालेला खेळाडू मुक्त.
पुढच्याच ओळीत : अटीसह.
दुसऱ्या संघाने बोली लावली
तर मूळ संघाला सात दिवस.
तेवढेच पैसे द्या, पोरगा तुमचा.
नाहीतर ना-हरकत द्या,
सही, शिक्का, तारीख.

शिक्का माझ्याकडे असतो, कपाटात,
पंपाची सुई, तुटकी शिट्टी
आणि कूलरच्या वाळ्याची पावती यांच्यामध्ये.

सुगत मेश्राम. बावीस. इंदोऱ्याचा.
पहिल्यांदा आला तेव्हा बूट मामाचे,
दोन नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं.
"वाढीन नं, सर."
वाढला.
आता दारातून येताना मान वाकवतो,
आणि कार्यकारिणीला वाटतं
आपल्यालाच नमस्कार करतोय.

चेन्नईने चौदा लाख लिहिलेत. आमचे सहा.
संघाच्या एकूण पगारावर लीगचं झाकण आहे,
चौदा त्याला दिले तर बाकावरून तिघे उठतात :
चाफले, ज्याचा गुडघा आत्ता कुठे जुळला,
धाकटा बोकडे,
आणि तो नरखेडचा, ज्याचं नाव
माइकवाला अजून चुकीचं घेतो.

म्हणजे चौदा कोणी देणार नव्हतंच.
खजिनदार चष्मा पुसत म्हणाले,
"घाई काय? सातव्या दिवशी सांगू.
तोवर चेन्नईचा पैसा अडकतो,
कंटाळून ते दुसरा पोरगा बघतात,
हा सहातच राहतो.
नियमात बसतं."

बसतं.
मला माहीत आहे कसं बसतं ते.
अठ्ठ्याऐंशी साली माझंही एक पत्र
देवतळेसाहेबांच्या खणात बसलं होतं,
बिलासपूरची भरती संपेपर्यंत.
विचारायला गेलो की चहा मागवायचे.
"होऊन जाईल रे. काही हरकत नाही."

किती वेळा म्हणतो आपण हे.
पाय लागला, हरकत नाही.
सुटे नाहीत, हरकत नाही.
बायको धरमपेठेत गाणं शिकवते,
तिच्या क्लासात हरकत म्हणजे वेगळीच चीज :
सुराला धक्का न लावता
त्याच्या अंगावरून अलगद निसटून येणं.
सुगत डावीकडे खांदा टाकतो,
अंगावरचा गडी तिकडे झुकतो,
आणि चेंडू कधीच उजवीकडून गेलेला असतो.
मी तिला एकदा सामन्याला आणणार होतो, हे दाखवायला.
राहून गेलं.

आज पाचवा दिवस. पंचेचाळीस पूर्णांक दोन.
दुपारी वर्धा रोडवर कुत्रंही नव्हतं.
क्लबात आलो, कपाट उघडलं.
शाईची गादी वाळून खडंग.
कूलरच्या टाकीतलं पाणी बोटाने दोन थेंब सोडलं,
अंगठ्याने चोळलं, आणि मारला.

"ना" उमटलाच नाही.
नुसतं "हरकत", ठळक, जांभळं.
हसू आलं मला, रिकाम्या खोलीत, एकट्याला.
पुन्हा मारला. मग सही.
तारीख आजचीच टाकली, मागची पुढची नाही.

संध्याकाळी सहाला सिमेंट अजून भाजत होतं.
सुगत आला, मान वाकवून.
पत्राचं विचारलं नाही. तो विचारत नाही, चहा पिणाऱ्यांपैकी नाही.
"लाइट लावू का, सर?"
मी कागद दिला.
त्याने दोनदा वाचला, उलटा करून मागेही पाहिलं,
मागे काही अट लिहिली आहे का.
"खजिनदारसाहेबायले माहीत आहे?"
"उद्या होईल."

किल्ली बहुतेक परवा मागतील माझ्याकडून.
तिकडे फ्री-थ्रोच्या रेषेवर चाफले
गुडघा चाचपत उभा होता,
त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं,
एक आत, दोन बाहेर,
आणि सुगत रिंगखाली जाऊन
त्याचे चेंडू परत फेकत राहिला,
कागद अजून दातांत.